कर्ज आमच्या नावाचं, जंगल खात्याचं

वनखात्याचे लोक गावागावांत येऊन सांगत होते की जागतिक बँकेचा पैसा आला आहे, तुम्ही फक्त समिती करा. १९९२ मध्ये महाराष्ट्र वानिकी प्रकल्प सुरू झाला, रक्कम बारा कोटी डॉलरच्या वर होती. या पैशावरून आपल्या कार्यकर्त्यांतच दोन तट पडले आहेत, म्हणून हे लिहितो आहोत.

एक तट म्हणतो, पैसा कुठूनबी येवो, खड्डे खोदायची मजुरी तर भेटते. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, धान लावायला पाऊस पाह्यजे, मधल्या दिवसांत खावं काय? हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसरा तट म्हणतो, परदेशी पैसा म्हणजे गुलामी, छदामही घेऊ नका. पण १९७२च्या दुष्काळात रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो खाल्लेली माणसं आपल्यात आहेत. तिचा देश तेव्हा कोणी विचारला नाही, आणि भुकेल्यानं तो विचारावा असं आम्ही म्हणणारही नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. पहिलं म्हणजे ही खैरात नाही, कर्ज आहे. व्याज नसल्यासारखंच, थोडा सेवा आकार, पण मुद्दल तीस-पस्तीस वर्षांत फेडायचं असं ठरलं. ते सरकार फेडणार, म्हणजे काडेपेटी-साबणावर कर भरणारे आपणच. कागदावर सही खात्याची, नाव मात्र गरीब आदिवासींचं.

आणि पैसा जातो कोणाच्या हाती? ज्याच्याशी आपला जमिनीचा झगडा आहे त्याच खात्याच्या. रोपं लावायची जमीन पडीक आहे असं त्यांचा नकाशा सांगतो. पडीक कुठं आहे? कुठं आपली जबरान जोत आहे, कुठं झुडपी जंगलात ढोरं चरतात, कुठं निस्तारचा हक्क आहे, कुठं बाया मोहा वेचतात. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली अतिक्रमणं कायम करण्याचा निर्णय राज्य सरकारचाच आहे. १९९०च्या सप्टेंबरात दिल्लीच्या वन मंत्रालयानंही २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीच्या जोतीबद्दल परिपत्रक काढलं. त्या फायली पडून राहिल्या. पट्टा द्यायला मनुष्यबळ नाही म्हणतात, अन् आपल्या बांधीच्या धुऱ्यावर चर खोदायला जीप येते!

जागतिक बँकेनं १९९०च्या अहवालात गरिबी मोजायला दिवसाला एक डॉलरचं माप लावलं. त्या मापानं खड्ड्याची मजुरी मिळाली की माणूस रेषेच्या वर सरकतो. त्याच खड्ड्यात त्याची जोत गेली, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

पैसा परका की देशी, एवढ्यावर भांडणाऱ्यांनी दोन धरणं पाहावीत. सरदार सरोवराला बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले. मणिबेलीसारख्या आदिवासी गावांनी हलायला नकार दिला, मोर्स समितीनं १९९२ला पुनर्वसनाचे वाभाडे काढले, मार्च १९९३ मध्ये सरकारनं उरलेलं कर्ज सोडलं. गावांनी बँकेला हलवलं, ही छोटी गोष्ट नाही. पण धरणाचं काम सरकारनं आपल्या पैशानं चालूच ठेवलं. आणि आपल्या पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द? १९८८ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, तिथं कोणता परदेशी साहेब आला होता? बुडणाऱ्या गावाले विचारलं नाही, इथंही अन् तिथंही.

म्हणून समितीचा कागद गावात आला तर आधी टोल्या-टोल्यातल्या सगळ्या बाया-माणसांची सभा घ्या. लागवडीचा नकाशा कक्ष क्रमांकासह मागा आणि जागेवर फिरून बघा. जोत, निस्तार, मोहाची झाडं, ढोरांची वाट सोडून बाकी जागेचंच बोलू, असं ठरावात लिहा. समितीचा सचिव खात्याचा माणूस असतो, म्हणून ठरावाची वही त्याच्या हाती देऊ नका, गावात ठेवा. मजुरी रोख आणि हजेरीपटावर घ्या, त्यात लाज नाही. कोऱ्या कागदावर अंगठा नको. ठरावाची एक नक्कल तहसीलदाराले देऊन पोच घ्या, दुसरी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात गावाच्या नावासह छापू.