सेस्नाचं चार्जिंग बंद पडलं, तर इंजिनही बंद पडतं का?

नाही. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाच्या इंजिनाला ठिणगी मिळते ती मॅग्नेटोमधून, बॅटरीतून नाही. पण चार्जिंग गेलं की बॅटरी उतरत जाते आणि मग रेडिओ, दिवे बंद पडतात. दिवसा निभावतं. रात्री ढगात मात्र हेच जिवावर बेतू शकतं.

१९८६ ते १९९६ या काळात सेस्नाने १७२ बनवलंच नाही. त्यामुळे आज उडणारी कित्येक १७२ विमानं चाळिशीच्या आसपास किंवा त्याहून जुनी आहेत, वायरिंगही तेवढंच जुनं.

बिघाड झाला की आधी अल्टरनेटर बदलायचा, ही महागडी सवय. खरं तर आधी व्होल्टमीटर लावायला हवा. १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसतात. तेवढे नसतील, तर बेल्ट आणि गंजलेलं अर्थिंग तपासायचं. मग मास्टर स्विच. अल्टरनेटरच्या फील्डचा करंट याच स्विचमधून जातो. कॉन्टॅक्ट झिजले की व्होल्टेज वाटेतच पडतं, रेग्युलेटर फसतो आणि अँमीटरचा काटा नाचायला लागतो. अल्टरनेटर बिचारा ठणठणीत!

१९५० च्या दशकातल्या १७२ मध्ये अल्टरनेटरऐवजी जनरेटर असतो. तो कमी आरपीएमवर फारसं चार्ज करत नाही. म्हणून जमिनीवर काटा उणेकडे झुकला, तर तो बिघाड असेलच असं नाही.