अर्ज स्वतःचा, रांग जन्मभूमीची

गेल्या महिन्यात मांडव्याला गेलो होतो. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबई अंगणाशी आली, असे वहिनी म्हणतात. मुलगा मात्र दूरच राहिला. माझा हा पुतण्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात खाऱ्या जमिनीतल्या भातावर संशोधन करतो. उधाणाचे पाणी बांध फोडून खारेपाटातल्या शेतात शिरते, ते त्याने लहानपणीच पाहिले होते.

रात्री त्याचा फोन आला. "काका, ग्रीन कार्डाचा अर्ज मीच करावा म्हणतोय. पण कोणत्या गटातून?"

हा प्रश्न आज अनेक मराठी घरांत विचारला जातो. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड हवे तर सहसा मालकाला अर्ज करावा लागतो. मालक बदलला की बरेचदा पुन्हा श्रीगणेशा. १९९० च्या कायद्याने मात्र विद्वानांसाठी मालकाविना उघडणारी दोन दारे ठेवली.

पहिले 'असाधारण गुणवत्ते'चे. त्यासाठी नोबेलच्या तोडीचे पारितोषिक हवे, नाहीतर दहा कसोट्यांपैकी किमान तीन पुऱ्या व्हाव्या लागतात. पुरस्कार, मौलिक संशोधन, शोधनिबंध, इतरांच्या कामाचे परीक्षण अशा या कसोट्या. त्या पुऱ्या झाल्या तरी अधिकारी एकंदर कर्तृत्व तोलतोच. दुसरे दार 'राष्ट्रहिता'चे. काम अमेरिकेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, ते पुढे नेण्याची आपली कुवत आहे आणि नोकरीची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे, हे पटवायचे. २०१६ च्या एका निर्णयाने या कसोट्या ठरल्या आणि संशोधकांची वाट थोडी रुंद झाली.

मग दुसरेच दार धरावे, असे कोणीही म्हणेल. खरी मेख इथेच आहे. समजा, मांडव्याच्या धक्क्यावर गावागणिक रांगा लावल्या आणि गाव लहान असो वा मोठे, प्रत्येकाला लाँचवर सारख्याच जागा दिल्या, तर काय होईल? अमेरिकेचा नियम साधारण असाच आहे. एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जागा नाहीत. त्यामुळे २०२५ च्या डिसेंबरात राष्ट्रहिताच्या गटात २०१३ साली नंबर लावलेल्या भारतीयांची पाळी चालू होती. असाधारण गुणवत्तेच्या गटात २०२२ च्या सुरुवातीची.

म्हणून मी त्याला म्हटले, "आधी राष्ट्रहिताचा अर्ज कर. तो मंजूर झाला की त्याची तारीख तुझी. पुढे पहिल्या गटातला अर्ज मंजूर झाला, तर तीच तारीख तिथे चालते."

"पण काका, त्यात आपणच आपली थोरवी लिहायची! आबांनी ऐकलं असतं तर?"

आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हा आमच्या घरचा धडा. मी म्हटले, "थोरवी लिहू नकोस, काम लिही. थोरवी शिफारसपत्रांतून लोकांना लिहू दे."

संकोच निवारता येतो, रांग नाही. अर्ज स्वतःचा असला तरी पाळी येईपर्यंत कामाचा व्हिसा मालकाच्याच हाती राहतो. मालकाच्या दारातून सुटका होते ती अर्धीच. त्याची मुलगी आज पंधरा वर्षांची आहे. मुलांना आईबापांच्या अर्जाचा लाभ एकविशीपर्यंत. कायदा त्यात थोडी वजावट देतो, पण दहा-बारा वर्षांच्या रांगेला ती कुठवर पुरणार?

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारले, "भाऊजी, हे राष्ट्रहित कुठल्या राष्ट्राचं हो?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, त्याचे आपण कौतुक करतो. पण इथे त्यांच्यासाठी जागा होती, हेही विसरू नये. दोष एकट्या पुतण्याला देता येत नाही, आणि वहिनींचा प्रश्नही खोडता येत नाही.

म्हणून फोन ठेवण्यापूर्वी एवढेच सांगितले, "दोन्ही अर्ज कर, पण वाट पाहण्याला मुदत घाल. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत पाळी आली नाही, तर इथल्या जागांकडेही मोकळ्या मनाने बघ. खारेपाटाला तुझ्या भाताची गरज आहेच."

पलीकडे तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "आईला फोन दे."