सर, ती वेगळी एअरलाइन आहे

विमान उशिरा सुटण्याबद्दल माझी तशी काही तक्रार नाही. धुकं पडतं, पार्ट बदलावा लागतो, आधीच्या शहरातूनच विमान निघत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ठरलेल्या तारखेला रिलीज न जाण्याचा मला दांडगा अनुभव आहे :) डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. आपलं विमान अडकलेलं असतं, शेजारच्या गेटवरून दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गावाला निघालेलं असतं, त्यात जागा असते, आणि तरी आपण आपले खुर्चीत बसून!

माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा वेळी प्रवाशाला त्या दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी पहिल्या कंपनीची असली पाहिजे. तिच्या खर्चाने.

२०२५ च्या दिवाळीत मुंबईहून नागपूरला निघालो होतो. आमचं गाव इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. म्हणजे नागपूरला उतरलं की काम संपत नाही, पुढे समृद्धीने कारंजा आणि मग घर. विमान रात्री नऊचं. आधी पाऊण तास उशीर, मग दीड तास, मग नुसतंच 'लवकरच कळवू'. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं. शेजारी दिग्रसकडचे एक काका बसले होते. मोठा भाऊ गेला होता, सकाळी सातला न्यायचं ठरलं होतं. बाजूच्या गेटवर दुसऱ्या कंपनीच्या नागपूर विमानाचं बोर्डिंग लागलं, तसे काका मला म्हणाले, "दादा, एसटी बंद पडली तं कंडक्टर मांगच्या गाडीत बसवून देते. हे लोकं आपल्याले त्या इमानात काहून नाही बसवत?"

काउंटरवर जाऊन विचारलं. उत्तर या लेखाच्या डोक्यावर लिहिलंय.

मोबाईलवर बघितलं तर त्या विमानात सीट शिल्लक होत्या. भाव माझ्या तिकिटाच्या जवळजवळ तिप्पट. आमच्यातल्या दोघा-तिघांनी ताडकन तिकीट काढलं आणि गेले. काकांना ते शक्य नव्हतं. आमचं विमान अडीचला सुटलं. नागपूर ते दिग्रस हिशोब तुम्हीच करा.

आता काकांचा प्रश्न. तो भाबडा वाटतो, पण अजिबात नाही. एसटीत हे चालतं कारण मागची गाडी कुठल्याही डेपोची असली तरी महामंडळ एकच. (मागचा कंडक्टर कधी कधी कुरकुर करतो, पण घेतो.) विमान कंपन्या वेगवेगळ्या, तेव्हा तुलना चूक, असं कुणी म्हणेल. पण वेगवेगळ्या कंपन्यांमध्येही हे चालायचं की! कागदी तिकिटांच्या काळात एक कंपनी तिकिटावर शेरा मारून द्यायची आणि दुसरी ते स्वीकारायची. पैशांचा हिशोब मागाहून. कंपन्यांनी आपापसातली देणी-घेणी मिटवावीत म्हणून आयाटाचं क्लिअरिंग हाऊस १९४७ पासून आहे. म्हणजे कॉम्प्युटर नव्हते तेव्हा जे जमत होतं, ते आज एका एपीआय कॉलचं काम आहे. स्वस्त तिकीटवाल्या कंपन्यांनी हे करार नको म्हटले, कारण त्यात खर्च आणि कटकट. तिकीट स्वस्त झालं हे मान्य, त्याशिवाय माझ्यासारखा विमानात बसलाच नसता. पण त्या स्वस्ताईत नेमकं काय कापलं गेलं हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

नियम आहेत, नाही असं नाही. डीजीसीएने २०१० मध्ये केले, नंतर सुधारले. छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांवर उशीर झाला की खायला द्यायचं. सहा तासांवर जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण रिफंड. रात्रीच्या विमानाला सहा तासांवर उशीर झाला तर हॉटेल. आमचा उशीर साडेपाच तास, म्हणून काकांच्या वाट्याला सँडविच आणि ज्यूस. आणि 'पर्यायी विमान' म्हणजे व्यवहारात त्याच कंपनीचं पुढचं विमान. युरोपात विमान रद्द झालं तर लवकरात लवकर पोचवायची जबाबदारी कंपनीवर आहे, आणि २०२० मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की त्यात दुसऱ्या कंपनीचं विमानही येतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: दुसरी कंपनी अडून बसेल, वाट्टेल तो भाव लावेल. डिसेंबर २०२५ आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम (आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास) जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, आणि महिन्याभरात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द. इतरांची तिकिटं आकाशाला भिडली. ६ तारखेला सरकारने कमाल भाडं बांधून दिलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. म्हणजे मनात आणलं तर भाव एका दिवसात बांधता येतो! मग कंपन्यांमधला हस्तांतराचा भाव कायमचा बांधून ठेवायला काय हरकत आहे? तेव्हा बांधलेलं भाडंही भरलं ते प्रवाशानेच. रिफंड जुन्या भावाने आणि नवं तिकीट नव्या भावाने, मधला फरक आपल्या खिशातून.

एक आक्षेप मात्र खरा आहे. दिवाळीत, नाताळात सगळीच विमानं भरलेली असतात, मग बसवणार कुठे? त्यातून देशात दहातले नऊ प्रवासी दोनच गटांच्या विमानांतून जातात. किंगफिशर २०१२ ला बंद, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. मोठी कंपनी आजारी पडली तर तिचे प्रवासी सामावतील एवढ्या जागा बाकीच्यांकडे नाहीतच. आमच्या भाषेत, बॅकअप सर्व्हरच घेतलेला नाही. माझ्या नियमाने डिसेंबरचा गोंधळ टळला नसता, हे कबूल. पण रोज कुठे ना कुठे एखादं विमान अडकतं आणि बाजूच्यात चार सीट रिकाम्या जातात, त्यांचं तरी काहीतरी होईल. शिवाय तिप्पट भाडं स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर कंपन्या दिवाळीच्या तोंडावर एखादं विमान आणि क्रू राखीव ठेवायला शिकतील.

आणि जिथे दुसरी कंपनीच नाही तिथे? आमच्या भागातलं अमरावतीचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, तेव्हा मुंबईला जाणारी कंपनी एकच होती. तिथे दुसरी एअरलाइन म्हणजे बडनेरा स्टेशन. मग नियमात रेल्वेचं तिकीटही घाला. एसी टू टियर, कन्फर्म. वेटिंगचं नको.