वीज माफ आहे, तास माफ नाहीत



विहिरीवर मोटार चालू असताना ओट्यावर पाय ठेवला की पायाला मुंग्या येतात. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मोटार म्हटल्यावर हलणारच की!" आजची नोंद या 'हलणारच'बद्दल आहे. माझं मत सरळ सांगतो. नीट बसवलेली मोटार अशी हलत नाही. आणि जी हलते, ती बहुतेक वेळा आपल्या वाटणीचं पाणी कमी करत असते.

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एच.पी. पर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. चांगलंच झालं. पण त्यामुळे बांधावर एक विचार पसरलाय, बिलच नाही तर मोटार कशी चालते याची चिंता कशाला? हा विचार आपल्याला महागात पडतो. वीज माफ झाली, तास माफ झालेले नाहीत. बऱ्याच गावांत थ्री फेज आठ तासच मिळते, त्यातही पाळी रात्रीची आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. त्या आठ तासांत रानात किती पाणी गेलं, हाच आपला खरा हिशोब.

तो हिशोब मांडून बघू. समजा दोनशे लिटरचं बॅरल २५ सेकंदांत भरतं. म्हणजे सेकंदाला ८ लिटर, आठ तासांत २,३०,४०० लिटर. तेच बॅरल भरायला ३२ सेकंद लागायला लागले तर आठ तासांत १,८०,००० लिटर. फरक ५०,४०० लिटरचा. पाच हजार लिटरचे दहा टँकर, रोजचे! सात सेकंदांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण शेवटच्या सऱ्यांना दिसतो. तेवढंच पाणी भरून काढायचं तर मोटार सव्वादोन तास जास्त चालवावी लागते. बिबट्याच्या भागात उसात रात्री उभं राहणाऱ्याला या सव्वादोन तासांची किंमत सांगायला नको.

एक गोष्ट नीट समजून घेऊ. थरथर स्वतः फार वीज खात नाही. थरथर ज्या कारणाने होते, ते कारण वीजही खातं, पाणीही कमी करतं आणि बेअरिंगही खातं. थरथर म्हणजे अंगात आलेला ताप. औषध तापाचं नाही, दुखण्याचं करायचं.

दुखणं कुठलं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मोटार बंद करा आणि लक्ष द्या. बटण दाबल्या क्षणी थरथर थांबली तर दोष विजेच्या बाजूचा. मोटारीचा वेग उतरेल तशी हळूहळू थांबली तर दोष यंत्राचा किंवा पाण्याच्या बाजूचा.

विजेचा दोष असेल तर आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. तीन फेजमध्ये थोडा जरी फरक असला तरी अँपिअरमध्ये तो कितीतरी पटीने वाढतो, मोटार गुणगुणते आणि तापते. स्टार्टरचे जळके पॉइंट आणि ढिली जोडणी हीसुद्धा याची नेहमीची कारणं. दोन फेजवर कपॅसिटर लावून थ्री फेजची मोटार ओढायची सवय तर मोटारीचं आयुष्यच कमी करते.

यंत्राचा दोष असेल तर पहिल्यांदा बैठक बघा. आपल्याकडे दीड हजारांच्या आसपास फेरे मारणारी मोटार दोन अँगलवर नाहीतर फळकुटावर टेकवलेली असते! २ पोलची मोटार तर मिनिटाला जवळजवळ २,८८० फेरे घेते. काँक्रीटचा ओटा पंपसेटच्या वजनाच्या निदान तिप्पट असावा, असा साधा ठोकताळा आहे. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, एकेक बोल्ट ढिला करून बघा. बोल्ट सुटताच पाय वर उचलला गेला, तर तो पाय टेकलेलाच नव्हता, नुसता आवळून दाबलेला होता. त्याखाली पत्र्याचा योग्य जाडीचा तुकडा घाला. मोटार आणि पंप वेगवेगळे असतील तर दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का बघा आणि कपलिंगचे रबर झिजले असतील तर बदला. मोनोब्लॉकला कपलिंगची भानगड नाही, तिथे बेअरिंग आणि इम्पेलरमध्ये अडकलेला काडीकचरा तपासा.

पाण्याची बाजू आपण सगळ्यात कमी बघतो. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल तर ओढीच्या बाजूला पाणी पुरत नाही. आत वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि इम्पेलर कुरतडतात. कारणं ठरलेली आहेत. फुटवॉलची जाळी शेवाळाने भरलेली, सक्शन पाइप अरुंद, पंपाच्या तोंडाशीच एल्बो, किंवा पाणी खाली गेलं तरी पंप वरच. वरून ओढणाऱ्या पंपाने सहा-सात मीटरच्या खालून पाणी ओढावं ही अपेक्षाच चुकीची, तेव्हा पंप खाली उतरवावा. अडीच इंचीच्या जागी तीन इंची पाइप घातला तर तेवढ्याच पाण्याला होणारं घर्षण निम्म्याहून कमी होतं. आणि डिलिव्हरीच्या पाइपाचं ओझं पंपावर टांगू नका, त्याला वेगळा आधार द्या.

"व्होल्टेजच मिळत नाही, मोटार काय करणार?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. पुरेसं व्होल्टेज मिळणं हा आपला हक्क आहे, ती मागणी सोडायची नाही. पण ओट्याचा सुटलेला बोल्ट काही डीपीवर कुणी आवळणार नाही. तो आपल्याच हातातला आहे.

मोटार जळाली की आपण ती वाइंडिंगला टाकतो, दोन दिवसांत आणतो आणि त्याच हलत्या बैठकीवर पुन्हा चढवतो. मूळ कारण तसंच राहतं. वाइंडिंग करतानाही तार मूळ गेजची आणि वेढे मूळ संख्येचे घालायला सांगा. जुनी तार काढायला मोटार जाळात टाकू देऊ नका, त्याने आतल्या पत्र्यांचं नुकसान होतं आणि मोटार कायमची जास्त वीज खायला लागते.

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात जुने पंप काढून कमी विजेचे स्टार पंप बसवायचा सरकारी प्रयोग झालेला आहे. असे प्रयोग हवेतच. पण मला वाटतं, पंप देणाऱ्या प्रत्येक योजनेत ओटा, पाइप आणि फुटवॉल यांचीही तपासणी सक्तीची हवी. नाहीतर नवा पंपही जुन्या दुखण्यावरच बसतो. सोलर पंपाला तर हे आणखी लागू आहे. उन्हाने दिली तेवढीच वीज, वरून मागायची सोय नाही.

एवढं करा. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने चार गोष्टी लिहा: तारीख, विहिरीतली पाण्याची पातळी, बॅरल भरायला लागलेले सेकंद आणि तिन्ही फेजचे अँपिअर. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. पातळी तीच असताना सेकंद वाढले, की पाना हातात घ्या. मोटार जळायच्या आधी बरेच दिवस सांगत असते. तिचं ऐकायला मीटर लागत नाही, सवय लागते.