अनुमोदनेचा अपराध

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर 'लॉ अँड ऑर्डर' ही गुन्हेमालिका १९९० साली सुरू झाली. पोलिसांचा तपास आणि न्यायालयातील खटला एकाच कथेत दाखवण्याची तिची रचना प्रेक्षकांना भावली. त्याच खोडातून १९९९ मध्ये 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' ही उपमालिका फुटली. लैंगिक अत्याचारांचा तपास करणारा न्यूयॉर्क पोलिसांचा एक विभाग आणि मारिस्का हार्गिटे यांनी साकारलेली ऑलिव्हिया बेन्सन ही करारी, तरीही करुणाशील अधिकारी, हे या उपमालिकेचे भांडवल. पीडितेचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घ्यावे, ही शिकवण तिने घरोघरी पोहोचवली. म्हणूनच ११ फेब्रुवारी २०१५ रोजी प्रसारित झालेला 'इंटिमिडेशन गेम' हा तिच्या सोळाव्या पर्वातील भाग पाहून होणारी निराशा अधिक बोचते.

या भागाची नायिका रैना पंजाबी ही नावावरूनच भारतीय वंशाची वाटणारी तरुणी आहे. मौझम मक्कर या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. रैनाने व्हिडिओ गेम तयार करणारा स्वतःचा व्यवसाय उभारला असून पहिला गेम बाजारात आणण्याची तिची तयारी चालू आहे. 'हा पुरुषांचा प्रांत आहे' असे मानणाऱ्या टोळक्याकडून तिला धमक्या येतात, तिच्याकडे काम करणाऱ्या मुलीवर हल्ला होतो, तरी रैना मागे हटत नाही. पुढे तिचे अपहरण होते, तिच्यावर अनन्वित अत्याचार होतात आणि पोलीस तिची सुटका करतात. शेवटी ती हे क्षेत्रच सोडून देण्याचा निर्णय घेते. कथा तेथेच संपते.

या कथेला प्रत्यक्ष घटनांचा आधार होता. ऑगस्ट २०१४ मध्ये झोई क्विन यांच्या एका जुन्या स्नेह्याने त्यांच्या खाजगी जीवनाविषयी इंटरनेटवर विस्तृत लेखन प्रसिद्ध केले. त्यातून, क्विन यांनी वैयक्तिक संबंधांच्या जोरावर आपल्या गेमचे अनुकूल परीक्षण मिळवले, असा आरोप पसरला. ज्या पत्रकाराचे नाव घेतले गेले, त्याने तसे परीक्षण लिहिलेच नव्हते. तरीही धमक्यांचा पूर लोटला. ऑक्टोबरमध्ये ब्रियाना वू यांना आपले घर सोडून अन्यत्र राहावे लागले. त्याच महिन्यात युटा राज्यातील विद्यापीठात होणारे अनिता सार्कीसियन यांचे व्याख्यान सामूहिक हत्याकांडाच्या धमकीमुळे रद्द झाले.

या प्रकरणाचे मर्म मालिकेच्या हातून निसटले. पडद्यावरचे अपराधी मूठभर, मुखवटे घातलेले आणि उघडउघड क्रूर आहेत. प्रत्यक्षातली हिंसा मात्र असंख्य सामान्य माणसांच्या हातून घडली. कोणी एक वाक्य लिहिले, कोणी ते पुढे पाठवले, कोणी वाचून नुसते हसले. त्यांपैकी कोणीही दार फोडून आत शिरले नव्हते. अपहरणकर्ते दाखवले की प्रेक्षक निर्धास्त होतो: 'आपण असे नाही.' गर्दी दाखवली असती, तर त्याला तिच्यात स्वतःचा चेहरा शोधावा लागला असता.

जैन आचारशास्त्राने ही पळवाट फार पूर्वीच बंद केली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातील गणना श्रावकांच्या परिचयाची आहे. संरंभ, समारंभ व आरंभ या तीन पायऱ्या. मन, वचन व काया ही तीन साधने. कृत, कारित व अनुमत हे तीन प्रकार. आणि चार कषाय, असा गुणाकार करून १०८ भेद होतात. त्यांत स्वतः करणारा, करवणारा आणि मान डोलावणारा हे तिघेही आहेत. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये दुसऱ्याचे गुपित उघड करणे आणि खोटे लेख तयार करणे यांचाही समावेश होतो. क्विन यांच्या बाबतीत नेमके हेच दोन दोष आधी घडले आणि अनुमोदना देणारे हजारो लोक मागाहून मिळाले.

व्यापारी कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 'अमुक पेढी बुडीत निघाली' हे एक वाक्य बाजारात फिरले की देणेकरी दचकतात, घेणेकरी दारात उभे राहतात आणि तीन पिढ्यांची पत संध्याकाळपर्यंत उतरते. तिजोरीला कोणी हात लावलेला नसतो. तेच वाक्य आज मोबाइलवरच्या गटात क्षणार्धात पोहोचते; आणि विषय एखाद्या घरच्या मुलीचा असेल, तर पाठवणाऱ्याची बोटे अधिकच चपळ होतात.

शेवटाविषयीची तक्रार याहूनही गंभीर आहे. सार्कीसियन यांनी आपले काम थांबवले नाही. वू पुढे २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. ज्यांच्यावरून कथा घेतली त्या टिकल्या. कथेतली रैना मात्र दुकान बंद करून निघून गेली. आज अनेक जैन घरांतील मुली हिशेबाच्या वह्यांपासून स्वतःच्या उद्योगापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांपैकी एखादीविषयी उद्या वाईटसाईट बोलले गेले, तर 'कशाला हवा हा व्याप?' असे म्हणून तिला घरी बसवायचे, की तिच्या पाठीशी उभे राहून पेढी उघडी ठेवायची? रैनाच्या कथेने पहिला मार्ग दाखवला. घरातील वडीलधाऱ्यांनी दुसरा दाखवला पाहिजे.

संवत्सरीच्या दिवशी 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना मन, वचन आणि कायेने झालेल्या दोषांची क्षमा मागितली जाते. त्या यादीत बोटाने पुढे ढकललेल्या एका संदेशाचीही आठवण ठेवावी. तो संदेश पुढे न पाठवण्याचा संयम मात्र संवत्सरीपर्यंत लांबवू नये.