अंधाराची नक्कल

या सदराच्या वाचकांना माझे दोन दुर्गुण ठाऊक आहेतच : रद्दीच्या दुकानावरून रिक्तहस्ते परतणे मला साधत नाही, आणि एकदा पदरमोड करून घरी आणलेली वस्तू, मग ती कितीही निकृष्ट निघो, शेवटपर्यंत भोगल्यावाचून मला झोप येत नाही. या दोहोंचा संगम होऊन गेल्या शनिवारी रात्री मी ‘जिस्म’ नामक हिंदी चित्रपट व्हीसीडी म्हणतात त्या तबकड्यांच्या एका जुन्या जोडीवर पाहिला. आणि तेव्हापासून मला जो संताप आलेला आहे तो त्यातील शृंगाराने नव्हे तर त्यातील अंधाराने आलेला आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण याविषयी आमच्या घरातही गैरसमज आहे.

हकिकत थोडक्यात अशी. २००३ सालच्या या चित्रपटात पाँडिचेरीचा एक मद्यपी वकील एका धनिकाच्या पत्नीच्या मोहात सापडतो आणि तिच्यापायी त्या धनिकाचा खून करतो. लेखन महेश भट यांचे, दिग्दर्शन अमित सक्सेना यांचे. नायिका बिपाशा बासू, आणि नायक जॉन अब्राहम याचा हा पहिलाच चित्रपट. कथा लॉरेन्स कॅस्डनच्या १९८१ सालच्या ‘बॉडी हीट’वर बेतलेली, तेथील वकील फ्लोरिडाच्या उकाड्यात घामाघूम होतो. कॅस्डनने बीज घेतले ते बिली वाइल्डरच्या १९४४ सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’तून, वाइल्डरने जेम्स केनच्या कादंबरीतून, आणि केनने १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर या स्त्रीने प्रियकराच्या साहाय्याने केलेल्या पतीच्या खुनातून, ज्याच्या मुळाशी विम्याची रक्कम होती.

आता माझी फिर्याद. असल्या चित्रपटाचे सारे भांडवल अंधार हेच असते; खिडकीच्या पट्ट्यांतून झिरपणारा उजेड, अर्धवट प्रकाशलेला चेहरा आणि त्या चेहऱ्यावरचा विचार ओळखू येतो न येतो इतपत सावली, एवढ्यावरच प्रेक्षकाच्या मनात मोह आणि भय एकाच वेळी उत्पन्न करावयाचे असतात. व्हीसीडीवरील चित्र मात्र आडवे ३५२ आणि उभे २८८ एवढ्याच ठिपक्यांत बसवावे लागते, त्यासाठी त्याचे लहान लहान चौकोन पाडून माहितीची काटकसर करण्यात येते, आणि या काटकसरीची पहिली कुऱ्हाड नेमकी काळोखावर कोसळते. परिणामी नायिकेचा स्कंधप्रदेश भूमापन खात्याच्या नकाशावरील सर्व्हे नंबरांप्रमाणे विभागला गेला होता, आणि सेन्सॉर बोर्डाच्या कात्रीला जे शालीनत्व कधी साधले नसते ते या चौकोनांनी बिनबोभाट साधले होते.

रुंद चित्राच्या दोन्ही कडा जुन्या टीव्हीच्या मापाने छाटल्यामुळे नायक कित्येकदा नुसत्या भिंतीशी प्रणयालाप करीत होता. पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह अखंड तेवत होते, आणि साऱ्या चित्रपटात स्वच्छ दिसणारी वस्तू तेवढी एकच होती. कारस्थानाला रंग चढतो न चढतो तोच पहिली तबकडी संपली, आणि दुसरी घालण्यासाठी मी दिवा लावला असता आमच्या कुटुंबाने दारातून विचारले, “अहो, या वयात हे काय पाहता आहात?” “काही दिसतच नाही,” असे मी उत्तर दिले, ते अक्षरशः सत्य असूनही ग्राह्य धरण्यात आले नाही.

विद्वान समीक्षक असल्या चित्रपटावर चोरीचा आरोप ठेवतात. मला त्या आरोपात फारसा दम वाटत नाही. कारण उसनवारीचा इतका बाऊ करावयाचा तर आम्हांस आमच्या रंगभूमीचे अर्धे दफ्तर जप्त करावे लागेल. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मर्फी नामक इंग्रज रंगभूमीवरील नाटककाराच्या प्रहसनावरून आले आणि मर्फीने ते मोलिएरकडून उचलले. परंतु देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, संवादांना असा अस्सल मराठी ठसका दिला, की त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव हा मूळचा फ्रेंच गृहस्थ आहे असे शपथेवर सांगितले तरी कोणी मानणार नाही. कथेचा हा धर्मच आहे : हस्तांतरात तिचे काही गळते तसे तिला काही नवे मिळतेही, आणि हात देवलांचा असला तर मिळकत गळतीहून मोठी ठरते.

चित्राला ही सवलत नाही. ‘संशयकल्लोळा’तच पाहा ना : सारा गोंधळ उडतो तो एका तसबिरीमुळे. अश्विनशेठची ती तसबीर रस्त्यात पडते, फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिच्या हाती लागते, ती कौतुकाने न्याहाळते, आणि फाल्गुनरावाच्या डोक्यात संशयाचे भूत शिरते. हे सर्व संभवते याचे कारण तसबीर हुबेहूब आहे. तीच तसबीर माझ्या व्हीसीडीच्या प्रतीची असती तर त्यातला पुरुष अश्विनशेठ की घरचाच गडी भादव्या हे कोणालाच कळले नसते, नवरा-बायको पहिल्या अंकातच गुण्यागोविंदाने नांदू लागली असती आणि मराठी रंगभूमी एका उत्तम नाटकास मुकली असती.

जुन्या दफ्तरांतील कारकून मजकुराची नक्कल उतरल्यावर ती असलाशी ताडून, तिची रुजुवात करून, मगच ती ‘असल बरहुकूम’ असल्याची ग्वाही देत असे. मजकूर जमीनमहसुलाचा आहे की कोणाच्या बदफैलीचा, याची पंचाईत त्याला नव्हती. अक्षर शाबूत उतरले पाहिजे, एवढीच त्याची नीती होती. शृंगारपट हा सवंग माल, तो कसाही छापला तरी गिऱ्हाईक घेतेच, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यापाशी एवढीही नीती नाही, आणि माझ्या लेखी त्या पडद्यावर जे काही अश्लील होते ते हेच.

न्याय म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. एम. एम. क्रीम यांचे संगीत ‘बॉडी हीट’मध्ये नव्हते, ते ‘जिस्म’ची स्वतःची मिळकत आहे, श्रेया घोषाल यांना ‘जादू है नशा है’साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते यथायोग्यच, आणि माझ्या तबकडीवरही ते गाणे सुखरूप उतरले आहे. म्हणून वाचकांना माझा सल्ला एवढाच की, हा चित्रपट स्वच्छ प्रतीत मिळाला तर पाहावा. व्हीसीडीवर मिळाला तर नुसता ऐकावा.