नदी थांबत नाही, फाइल हलत नाही

‘पायाखालची जमीन सरकणे’ हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. अलास्कातल्या न्यूटॉक गावात मात्र ते अक्षरशः घडलं.

निंग्लिक नदीकाठचं हे युपिक आदिवासींचं गाव. वस्ती जेमतेम साडेतीनशे. जमीन पर्माफ्रॉस्टची, म्हणजे वर्षानुवर्षं गोठून राहिलेली. अशा जमिनीतला बर्फच मातीला धरून ठेवतो. तापमान वाढलं, बर्फ वितळू लागला, की जमीन खचते, घरं कलतात. त्यात नदीची धडक. काठ वर्षाला सरासरी २० मीटर मागे हटत गेला. कचरा डेपो गेला, मालवाहू बोटी लागायची जागाही गेली.

गंमत म्हणजे, युपिक लोक मुळात एका जागी राहणारे नव्हतेच. मासेमारी आणि शिकारीच्या हंगामाप्रमाणे ते मुक्काम हलवायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारने इथे शाळा बांधली आणि मुलांच्या शिक्षणासाठी लोक इथेच स्थिरावले.

बरं, गावकरी हातावर हात ठेवून बसले नाहीत. नदीपलीकडे सुमारे १५ किलोमीटरवर, नेल्सन बेटावर त्यांनी मर्टारविक ही उंचावरची जागा निवडली. २००३ मध्ये जमिनीच्या अदलाबदलीला अमेरिकी संसदेची मंजुरीही मिळाली. पण पहिली कुटुंबं तिथे राहायला गेली २०१९ मध्ये आणि शेवटची २०२४ मध्ये!

एवढा उशीर का? खर्च मोठा होताच. लष्कराच्या अभियंत्यांचा अंदाज ८ ते १३ कोटी डॉलरचा होता. पण खरी गोची नियमांची. अमेरिकेत आपत्ती निधी मिळतो तो वादळ, पूर, भूकंप अशा एखाद्या घटनेनंतर. रोज थोडी थोडी खचणारी जमीन त्या व्याख्येत बसत नाही. न्यूटॉकने आपत्ती जाहीर करा म्हणून अर्ज केला; २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. शिवाय जुनं गाव सोडायचंच आहे, मग तिथे पैसा कशाला घालायचा? आणि नव्या जागी माणसंच नाहीत, मग शाळा कोणासाठी बांधायची? या कोंडीत एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली.

न्यूटॉक एकदाचं हललं. पण तातडीचा धोका असलेली अशी ३१ गावं अलास्कात आहेत, असं अमेरिकी सरकारच्याच लेखा कार्यालयाने २००९ मध्ये सांगितलं होतं. हवामान बदलाची बरीचशी संकटं अशीच हळूहळू येणार आहेत. आपले आपत्तीचे कायदे मात्र अजून एका रात्रीत येणाऱ्या संकटाचीच वाट बघत बसले आहेत.